झोळीची वाट आधी, हौसेची वाट मागून

धनत्रयोदशीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याच्या रस्त्यांवर तरुण पोरांचे जथेच्या जथे दिसू लागतात. कोणी शहाद्याकडचे, कोणी निझर-कुकरमुंड्याकडचे, कोणी खेतिया-पानसेमलकडचे. खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी, नारळ आणि तेलाची बाटली, हातात बॅटरी. रात्रभर चढायचे आणि उजाडता उजाडता अस्तंब्याचा माथा गाठायचा. 1,325 मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा इथे तेल मागत फिरतो आणि रानात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. पाठीवर महागडी सॅक टाकून डोंगर चढण्याची टूम शहरात निघण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे हा डोंगर पायी चढत आली आहेत.

वाट दाखवणारा देव ज्या डोंगरात राहतो, त्या डोंगरातल्या कितीतरी पाड्यांना स्वातंत्र्याच्या पाऊणशे वर्षांनंतरही दवाखान्यापर्यंत जायला वाट नाही! हे आज मोठ्याने सांगण्याचे कारण असे, की हौशी पावले आता नंदुरबारच्या डोंगरांकडे वळू लागली आहेत. त्यांच्या मागोमाग सरकारी योजना येतील, निधी येईल, कंत्राटदार येतील. तो पैसा आधी कोणाच्या पायाखाली पडणार, याचा निकाल आताच लागला पाहिजे.

पावले वळणारच. सह्याद्रीत आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही. सुट्टीच्या दिवशी कळसूबाईच्या शिड्यांवर रांगा लागतात. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हा कुठे प्रशासनाला जाग आली. मग डोंगरवेड्या माणसाने नवा मुलूख शोधला तर त्याला दोष कोण देईल? आणि मुलूखही कसा! शहाद्याहून राणीपूर सोडले की सात पायरीच्या घाटाची वळणे सुरू होतात आणि साडेतीन हजार फुटांहून उंच असलेले तोरणमाळचे पठार समोर उलगडते. यशवंत तलावाचे शांत पाणी, गोरखनाथाचे देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुहा आणि जिथे पठार एकाएकी संपून खाली कोसळते ती सीताखाई. पावसाळ्यात धुके दरीतून वर चढते आणि समोरचा कडा क्षणात पुसून टाकते. पलीकडे अक्कलकुवा तालुक्यात डाब हे गाव आहे. कडाक्याच्या थंडीत तिथे पहाटेचे दव गोठते. धडगावकडे बिलगावचा धबधबा, तळोद्याच्या अंगाला वाल्हेरीचा. आणि उत्तरेच्या टोकाला, डोंगर उतरून गेल्यावर, मणिबेलीची नर्मदा. महाराष्ट्रातल्या चालणाऱ्या माणसाने हे सारे पाहिले नसेल तर त्याने आपले राज्य अर्धेच पाहिले आहे. यावे, जरूर यावे.

पण ज्या पायवाटेवरून तुम्ही हौसेने चढता, त्याच पायवाटेवरून झोळी उतरते.

झोळी कशी असते, ते शहरातल्या वाचकाने एकदा नीट समजून घ्यावे. बांबूचा एक मजबूत दांडा. त्याला दोन टोकांना गाठी मारून टांगलेली गोधडी, नाहीतर जुने लुगडे. आत अंगाचे मुटकुळे करून पडलेली बाई, बहुतेक वेळा कळा सुरू झालेली. पुढे एक खांदा, मागे एक खांदा आणि शे-दीडशे पावलांवर खांदा बदलायला सोबत चालणारे आणखी चौघे. उतार लागला की पुढचा माणूस दांडा दोन्ही हातांनी वर उचलून धरतो आणि मागचा गुडघ्यात वाकतो, झोळी घसरू नये म्हणून. ओढ्याला पाणी असले तर सगळे मिळून दांडा डोक्यावर घेतात. आतल्या बाईचा एक हात बाहेर आलेला असतो आणि त्या हाताने तिने दांडा घट्ट आवळलेला असतो. डांबरी रस्ता लागेपर्यंत किती वेळ जाईल, हे पाऊस ठरवतो. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतून अशा बातम्या वर्षानुवर्षे छापून येतात. चार दिवस हळहळ होते, अधिकारी भेट देऊन जातात आणि पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पाड्यातून तीच बातमी पुन्हा येते.

2021 च्या सप्टेंबरात चांदशैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर टाकून नवरा पायी घाट उतरू लागला. ती वाटेतच गेली. त्याच वर्षी जानेवारीत तोरणमाळजवळ सिंदीदिगरच्या घाटात मजुरांची जीप दरीत कोसळून माणसे मेली. 2025 च्या धनत्रयोदशीला अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची मालवाहू गाडी चांदशैली घाटात कोसळली. रात्रभर डोंगर चढून देवाचे दर्शन घेतलेली माणसे घरची पणती लागण्याआधी गेली! या मरणांना अपघात म्हणण्याची आमची तयारी नाही. कोणत्या घाटात दरडी कोसळतात ते बांधकाम खात्याला ठाऊक आहे. यात्रा कोणत्या तिथीला भरते ते पंचांगात छापलेले असते. यात्रेकरू माल वाहायच्या गाड्यांत दाटीवाटीने उभे राहून जातात, हे पोलिसांच्या डोळ्यांसमोर घडते. सगळे ठाऊक असताना जे घडू दिले जाते, त्याला हलगर्जी म्हणतात आणि माणसे मेल्यावरही जी हलगर्जी चालू राहते ती गुन्हा होते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: जमीन वनखात्याची आहे, म्हणून रस्ता होत नाही. हे उत्तर कायद्यासमोर टिकत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 3, त्याचे उपकलम 2 उघडून पाहा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा 13 सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून देता येते. त्यासाठी फाईल दिल्लीला धाडावी लागत नाही. हा कायदा होऊन दोन दशके लोटत आली. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. इथल्या माणसाला ओळखीचा आकडा साऱ्या देशाच्या आधी मिळाला आणि त्याच जिल्ह्यातली गरोदर बाई आजही झोळीतून दवाखान्यात जाते. राज्यकर्त्यांना याची लाज वाटली पाहिजे.

रस्ते झाले की जंगल मरते, असे काही निसर्गप्रेमी कळकळीने सांगतात. त्यांची कळकळ आम्ही जाणतो आणि त्यांचे अर्धे म्हणणे मान्यही करतो. रुंद रस्ता आला की लाकूड नेणारे ट्रकही येतात, हे खरे आहे. पण पाड्याला चौपदरी महामार्ग कोणी मागितलेला नाही. रुग्णवाहिका जाईल एवढी सडक, ओढ्यावर फरशी पूल, वळणावर भक्कम कठडा आणि जिथे गाडी जाणेच शक्य नाही तिथे दगड बसवून पक्की केलेली पायवाट, एवढीच मागणी आहे. जंगलाची खरी नासाडी कशाने झाली, तेही या जिल्ह्याला विचारा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावे गेली, ती इथल्याच अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. त्यांच्याबरोबर किती जंगल बुडाले! बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून 2003 मध्ये धबधब्याच्या पाण्यावर स्वतःच्या गावाची वीज तयार केली होती. जंगल राखून दिवा लावण्याची अक्कल या माणसांपाशी होती. तो प्रकल्पही धरणाच्या फुगवट्याने गिळला. म्हणून झाडांच्या नावाने पाड्याची वाट अडवण्याचा अधिकार आम्ही कोणालाही देत नाही.

आता हौशी प्रवाशाला दोन शब्द, आणि ते कडूच असतील. सीताखाईच्या कड्यावर उभे राहून समोर पाहता, तसे एकदा खाली पायाशीही पाहा. कपारीत अडकलेली वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि दारूच्या बाटल्यांच्या काचा. त्या काचांवरून दुसऱ्या दिवशी गुरे वळणारे पोर अनवाणी चालणार आहे. आणि दारू कोणत्या भूमीत आणता? याच जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात हजारो आदिवासींना आरतीला एकत्र बसवून दारू सोडायला लावली. 1972-73 च्या सुमारास शहाद्याच्या लढ्यातल्या आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. ज्या मुलखाने दारूशी एवढी झुंज घेतली, त्याच्या माथ्यावर शहरातल्या सुशिक्षितांनी बाटल्या फोडाव्यात? त्यांच्या शिक्षणाची किंमत काय राहिली?

तीच गोष्ट काठी गावच्या राजवाडी होळीची. कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर रंगाचे ठिपके, असा बुध्या रात्रभर नाचतो. त्याआधी त्याने कित्येक दिवस व्रत पाळलेले असते. ते देवाचे काम आहे. त्याच्या तोंडासमोर न विचारता कॅमेरा धरणे म्हणजे देवळात आरती चालू असताना पुजाऱ्याला बाजूला सारून फोटो काढण्यासारखे आहे. आपल्या गावच्या देवळात हे कोणी खपवून घेईल काय?

मग पर्यटन होऊच नये काय? व्हावे! पण या डोंगरांचा कारभारी कोण, हे आधी ठरवून. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला मुलूख आहे. 1996 चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि त्याने ग्रामसभेच्या हाती अधिकार दिलेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि तो चालवून दाखवला. साताऱ्याजवळच्या कास पठारावर भोवतालच्या गावांच्या समित्यांनी फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांवर मर्यादा घातली, प्रवेशशुल्क बसवले आणि गावचीच पोरे राखणीला उभी केली. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीला लोक काजवे पाहायला येतात आणि गावकऱ्यांच्या घरात उतरतात, त्यांच्या चुलीवरची भाकरी खातात. जे कासला जमले, पुरुषवाडीला जमले, ते तोरणमाळला, डाबला, बिलगावला न जमण्याचे काहीच कारण नाही. पाहुण्याच्या ताटात दादर ज्वारीची भाकरी आणि भगर असेल, जाताना त्याच्या पिशवीत धडगावचा आमचूर आणि मोहाची फुले जातील, आणि पैसा थेट त्या घरात राहील.

या डोंगरातली प्रत्येक खाई, प्रत्येक झरा, पावसात कोणता दगड निसरडा होतो आणि कोणत्या ओढ्याला लोंढा अचानक येतो, हे ज्या पोराला तोंडपाठ आहे, तो पोरगा आज काय करतो? दिवाळी सरली की बायकोमुलांसह ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊस तोडायला जातो. सातपुड्याचे शहाणपण बारडोलीच्या उसाच्या फडात कोयता चालवते आणि इथे हौशी माणूस मोबाइलवरचा नकाशा पाहत वाट चुकतो! त्या पोराला वाटाड्या म्हणून मान द्या. दोर लावण्याचे, प्रथमोपचाराचे शिक्षण द्या, ग्रामसभेचे ओळखपत्र द्या आणि वाटाड्याशिवाय अवघड वाटांवर कोणी जाऊ नये असा नियम करा. तो पाहुण्याला माथ्यावर नेईल आणि पाड्यात कोणी आजारी पडले तर तोच पहिला मदतीला धावेल.

सरकारला आमचे सांगणे थोडके आणि स्पष्ट आहे. ज्या पाड्यांना रस्ता नाही, त्यांची यादी जिल्हा प्रशासनाने तालुकावार जाहीर करावी आणि प्रत्येक पाड्यापुढे काम पुरे होण्याची तारीख लिहावी. त्या यादीतला पाडा सुटेपर्यंत त्याच्या डोंगरावर प्रेक्षागॅलरी, काचेचा पूल, विश्रामगृह यांपैकी कशालाही एक रुपया मंजूर होऊ नये. पर्यटनाच्या प्रत्येक कामाला ग्रामसभेचा ठराव लागलाच पाहिजे. तो ठरावही भर सभेत, बायकांच्या हजेरीत, त्यांच्या बोलीत वाचून दाखवून झालेला हवा. गोळा होणाऱ्या शुल्कातला पहिला वाटा पाड्याच्या वाटेला आणि दवाखान्याला मिळावा.

आणि वाचकहो, तोरणमाळचा बेत आखत असाल तर जरूर आखा. वर नेलेला कचरा पिशवीत भरून खाली आणा. गावच्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. परत आल्यावर सीताखाईचा फोटो दहा जणांना दाखवाल, तेव्हा त्या वाटेवर भेटलेल्या झोळीचीही गोष्ट सांगा आणि आपल्या आमदाराला, खासदाराला तिचा जाब विचारा. तुम्ही नागपूरचे असा की पुण्याचे, हे राज्य तुमचेही आहे.

धनत्रयोदशी पुन्हा येईल आणि हजारो पावले अस्तंब्याची वाट चढू लागतील. त्या रात्रीच्या आत चांदशैली घाटाच्या प्रत्येक वळणावर कठडा उभा राहिला पाहिजे, यात्रेकरूंसाठी एस.टी.च्या बसगाड्या तळोद्यात लागल्या पाहिजेत आणि घाटाच्या तोंडाशी डॉक्टरसह रुग्णवाहिका उभी असली पाहिजे. हे झाले नाही आणि पुन्हा एक गाडी दरीत गेली, तर त्या मरणांची जबाबदारी नावानिशी पालकमंत्र्यांवर आणि जिल्हाधिकाऱ्यांवर राहील.