फुकट आणि मुक्त

दिवाळीत शेजारी फराळाचे ताट पाठवण्याची आपली जुनी चाल आहे. ताट येते, आपण चकली खातो, तोंडभर स्तुती करतो आणि रिकामे ताट कसे पाठवायचे म्हणून त्यात चार करंज्या घालून परत करतो. पण त्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारून पाहा! काही गृहिणी ते हौसेने सांगतात. काही मात्र एखादा जिन्नस हटकून विसरतात. वास्तविक ज्या घरात कुणाला तिखट सोसत नाही, त्या घराला चकलीपेक्षा प्रमाण अधिक उपयोगाचे. ते आपल्या बेताने बदलून घेता येते.

विद्यादानातही चकली आणि प्रमाण असा भेद आहे, हे मला अलीकडेच उमगले.

माझे बिऱ्हाड दौंडला आणि नोकरी शिरूरला. दौंड म्हणजे आगगाड्यांचे मोठे जंक्शन, तर शिरूरला आगगाडीच नाही. सकाळी वर्गात बसणारी आमची काही मुले दुपारी रांजणगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात. अशा मुलांच्या तळहातावर आज मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने येऊन बसली आहेत. सात आयआयटी आणि बंगलोरची विज्ञान संस्था ह्यांनी मिळून २००३ साली ‘एनपीटीईएल’ सुरू केले. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. तिथे ऐकायला पैसे पडत नाहीत; प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क भरावे लागते. ह्यांखेरीज परदेशी विद्यापीठांची व्याख्याने आहेतच.

अशाच एका परदेशी विद्यापीठाची संख्याशास्त्राची व्याख्याने आमची एक विद्यार्थिनी ऐकत होती. “कशी आहेत?” मी विचारले.

“चांगली आहेत, सर. बोलतात ते कळतं. पण ते आमच्याशी बोलताहेत असं वाटत नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “तुम्ही मराठीचे. आपण ह्याचं मराठी करून सगळ्यांना देऊ या का? उदाहरणं आपल्याकडची घालू. कांद्याच्या भावाची.”

कल्पना नामी होती. पण करता येईल का? १९५७ सालच्या आपल्या प्रताधिकार कायद्याने शिक्षकाला वर्गापुरती बरीच मोकळीक दिली आहे. अभ्यासासाठी पुस्तकांतले उतारे छायाप्रती काढून देण्याचा वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१६ साली निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. परंतु भाषांतर करून ते चारचौघांत प्रसिद्ध करायचे, तर तो हक्क मूळ धन्याचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ साली सर्वांचे झाले. आमच्या संख्याशास्त्रज्ञांसाठी इतका धीर धरायचा, तर ह्या मुलीची नातवंडे परीक्षेला बसतील!

ह्यावर तोड एकच : धन्याने परवानगी आधीच लिहून ठेवायची. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ह्या संस्थेने २००२ साली तसे तयार परवाने काढले. त्यांत मुख्य अटी चार : मूळ कर्त्याचे नाव द्या, ह्यावर धंदा करू नका, ह्यात बदल करू नका, आणि बदल केलात तर तोही ह्याच अटीवर पुढे द्या. नावाची अट नेहमीची. बाकीच्यांतल्या हव्या त्या घ्याव्यात. मात्र ‘बदल नको’ असे म्हटले की भाषांतराचा दरवाजा बंद. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम सर्वांना खुले करण्याची घोषणा २००१ साली केली, तेव्हा हा दरवाजा उघडा ठेवला. धंद्याचा तेवढा लावून घेतला. आपल्या शेजारी गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश खुल्या परवान्याखाली दिला. २०१९ साली युनेस्कोनेही सर्व देशांना अशा खुल्या शिक्षणसाहित्याची शिफारस केली.

भाषांतराने काय साधते, असे कुणी विचारील, तर उत्तर आमच्या दौंड तालुक्यातच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. साध्यासुध्या बायकांना ते वाचता यावे, ही त्यांची तळमळ. खिळे जुळवण्याचे कामही तिथल्या स्त्रियांनीच केले. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने निघाले. मूळ ग्रंथ इतके प्राचीन, की परवानगी मागायला दारात कुणी उभे नव्हते. संख्याशास्त्राचे भाग्य एवढे थोर नाही.

आम्ही त्या व्याख्यानांच्या तळाशी पाहिले. अशी परवानगी कुठेच नव्हती. पत्र धाडले आहे; उत्तराची वाट पाहतो आहोत.

परंतु दुसऱ्याच्या दाराशी उभे राहणाऱ्याने आपले दार तरी उघडे ठेवावे की नाही? वृत्ते आणि अलंकार ह्यांवरची माझी वीस वर्षांची टिपणे कपाटात होती. ती खुली करण्याचा बेत ऐकून आमचे एक स्नेही कळवळून म्हणाले, “अहो, उद्या कुणी त्यांचं गाईड छापून विकील! मग?”

त्यांचे भय अगदीच खोटे नाही. शिवाय हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. तेव्हा देणाऱ्याने विचार करूनच द्यावा. पण माझा पगार लोकांच्या करातून येतो. त्या पगाराच्या वेळात लिहिलेली टिपणे कपाटात ठेवून मी कुणाचे राखतो आहे? आणि गाईडवाल्याने छापलीच, तर अटीप्रमाणे तेही त्याला खुलेच ठेवावे लागेल.

मी टिपणांतल्या हयात कवींच्या ओळी काढून टाकल्या. त्या माझ्या नव्हत्या, देणार कशा? उरलेल्यावर दोन अटी घातल्या : नाव द्या, आणि बदल कराल तो असाच पुढे द्या.

पहिला बदल त्या मुलीनेच केला. ओवीच्या प्रकरणात तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या घातल्या आणि मात्रा कशा ओढायच्या, ते आजीच्याच आवाजात जोडून दिले. आता त्या टिपणाखाली तीन नावे आहेत, आणि सर्वांत वर आजीचे आहे.