सतरा सप्टेंबर नेमका कुणाचा?

वृत्तपत्रातील ‘दिनविशेष’ हे सदर मोठे समदर्शी असते. तेथे संत, सेनापती, चित्रकार आणि क्रिकेटपटू एकाच रांगेत, एकेका ओळीत उभे असतात. १७ सप्टेंबरची रांग तर फारच गर्दीची. १८७९ साली इरोडला पेरियार रामसामी जन्मले, १८८५ साली पनवेलला प्रबोधनकार ठाकरे. पंढरपूरच्या मकबूल फिदा हुसेन यांची जन्मतारीखही हीच नोंदलेली आहे, साल १९१५. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा जन्म १९५० मधला. कवी वसंत बापट यांचे २००२ मध्ये निधन झाले तेही याच तारखेला. याच रांगेत कुठेतरी एक ओळ असते, ‘१९४८ : हैदराबाद संस्थान भारतात विलीन’.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही ओळ इतर ओळींसारखीच वाटते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्यात मात्र तिचा अर्थ निराळा आहे. या गावासाठी १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस स्वातंत्र्याचा नव्हताच. त्या दिवशी चारठाणा निजामाच्या राज्यात होते आणि पुढे तेरा महिने तेथेच राहिले. हैदराबाद संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषिक. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि अखेरच्या पर्वात गावोगाव रझाकारांची दहशत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १५ तारखेला शेजारच्या जालन्याचा ताबा घेतला गेला आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. सेनापती अल् इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली ती दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला. म्हणजे तारीखसुद्धा निवडलेलीच आहे! शिवाय, ज्याच्या राजवटीतून मुक्ती मिळाली तो निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच राज्याचा राजप्रमुख होता. मुक्तीच्या सोहळ्यांतील भाषणांत हा तपशील सहसा येत नाही.

तारीख एक असली तरी तिची नावे अनेक आहेत. महाराष्ट्रात ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. कर्नाटकात २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’. २०२२ मध्ये हैदराबाद शहरात केंद्र सरकारने ‘मुक्तिदिन’ साजरा केला, तर तेलंगण सरकारने त्याच दिवशी ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. सत्तांतरानंतर २०२४ मध्ये तेथे ‘प्रजापालन दिन’ अवतरला. त्यातच पंतप्रधानांचा वाढदिवस याच दिवशी येत असल्याने २ ऑक्टोबरपर्यंतच्या ‘सेवा पंधरवड्या’चा आरंभही याच तारखेपासून. सकाळी मुक्तिसंग्रामाचे ध्वजारोहण आणि लगेच वाढदिवसाच्या उपक्रमांचे उद्घाटन, अशी कसरत मराठवाड्यातील अधिकाऱ्यांना करावी लागते. वाढदिवसाला आक्षेप असण्याचे कारण नाही. जन्मतारीख कुणी मागून घेत नाही. पण जन्मदिवस एका व्यक्तीचा असतो, आणि १७ सप्टेंबर १९४८ हा लक्षावधी लोकांचे राज्यकर्ते बदलल्याचा दिवस आहे. दोन्ही एका मंडपात बसवले की धाकटा पाहुणा कोण ठरणार, हे सांगायला नको.

खरी अडचण मात्र त्याहून खोल आहे. या लढ्याची हकीगत स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ अशा मोजक्या नावांवर आटोपते आणि हिंदू-मुसलमान अशा सोप्या चौकटीत बसवली जाते. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये ज्याची हत्या झाली, तो ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान या चौकटीत मावत नाही. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले तेही मावत नाही. भारत सरकारच्याच सांगण्यावरून गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही आपलीच नावे होती. तो अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाच्या दृष्टीआड राहिला. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरे. एक सांगताना दुसरे गाळले, तर आपल्याच आजोबांची साक्ष आपण अर्धी ऐकली असे होईल.

ही साक्ष ऐकण्यास आता अवधीही फारसा उरलेला नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज ८५ च्या पुढे गेले आहे. चारठाण्यातील गोकुळेश्वराचे देऊळ आणि तेथील कोरीव स्तंभ शतकानुशतके उभे आहेत, पुढच्या पिढीचा अभ्यासकही ते मोजू शकेल. त्या चार दिवसांत गाव सोडून कोण गेले, कोण परतले, कुणाच्या घरी कुणी आसरा घेतला, हे मात्र कोणत्याही दगडावर लिहिलेले नाही. ध्वजारोहणानंतर शाळेत भाषणांऐवजी गावातील दोन वृद्धांना, एक या आळीतले आणि एक त्या आळीतले, बोलते करून त्यांचे शब्द उतरवून घेण्यास शासनाच्या कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.