आज्ञा आणि आर्ग्युमेंट

हल्लीं संगणकावरील बहुतेक कामें चित्रावर टिचकी मारून होतात. मग मुलांना आज्ञा टंकण्यास शिकविण्याचा खटाटोप कशाला, असें पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. तथापि हें शिक्षण द्यावें, व तें हायस्कुलांतच द्यावें, असें आमचें मत आहे.

टंकलेली आज्ञा वाचून ती यंत्राकडून पार पाडविणारा जो दुभाषी, त्यास 'शेल' म्हणतात. अनेक आज्ञा क्रमानें एका फायलींत लिहून ठेविल्या म्हणजे ती 'स्क्रिप्ट' होय. १९६४ च्या सुमारास लुई पूझाँ या फ्रेंच तज्ज्ञानें अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत 'रनकॉम' नांवाची अशीच सोय केली होती. 'शेल' हें नांवही त्याचेंच. पुढें १९७९ सालीं स्टीफन बोर्न यांचा शेल युनिक्सबरोबर बाहेर पडला, आणि १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं 'बॅश' हा विनामूल्य शेल प्रसिद्ध केला.

आज्ञेसोबत जो तपशील द्यावयाचा, त्यास 'आर्ग्युमेंट' म्हणतात; येथें त्या शब्दाचा वादाशीं संबंध नाहीं. समजा, 'निकाल' नांवाची एक स्क्रिप्ट आहे. 'बॅश निकाल नववी ३५' असें टंकलें असतां 'नववी' हें पहिलें आर्ग्युमेंट व '३५' हें दुसरें. स्क्रिप्टमध्यें डॉलरच्या चिन्हापुढें १ असेल तेथें 'नववी' येतें, २ असेल तेथें '३५'. उद्यां 'दहावी ४०' लिहिलें कीं तीच स्क्रिप्ट दहावीचें काम करिते. अशी स्क्रिप्ट लिहावयाची तर कायमचें काय व बदलतें काय, हें आधीं ओळखावें लागतें. बीजगणितांत 'क्ष' मानतांना मुलें हाच विचार करितात. येथें त्या विचाराचें फळ डोळ्यांसमोर दिसतें.

आतां वर्गाचें नांव 'नववी अ' असेल तर? शेल मोकळी जागा दिसली कीं शब्द तोडतो. त्यामुळें 'अ' हेंच दुसरें आर्ग्युमेंट होतें, व उत्तीर्ण होण्याचे गुण 'अ' असे ठरतात! म्हणून 'नववी अ' हें अवतरणचिन्हांत घालावें. आणि स्क्रिप्टच्या आंत तें नांव जेथें घ्यावयाचें तेथेंही अवतरणचिन्हें द्यावीं. एका ठिकाणीं देऊन भागत नाहीं.

१७७३ सालीं नारायणराव पेशव्यांच्या बाबतींत 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण सर्व जाणतों. शेलच्या राज्यांत तर अक्षरही बदलावें लागत नाहीं. २०११ सालीं लिनक्सवरील 'बंबलबी' या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्यें, पुसण्याच्या आज्ञेंत एक मोकळी जागा चुकून पडली. एका लांब मार्गाचे दोन तुकडे झाले, आणि 'यूएसआर' ही प्रोग्रामांची मुख्य डिरेक्टरीच पुसण्याची आज्ञा झाली. २०१५ सालीं 'स्टीम' च्या स्क्रिप्टमध्यें डिरेक्टरीचें नांव यावयाचें तेथें कांहींच आलें नाहीं. उरली नुसती तिरपी रेघ, म्हणजे सर्व फायलींचें मूळ. कांहीं लोकांच्या स्वतःच्या फायली त्यांत नष्ट झाल्या. न दिलेलें आर्ग्युमेंटही असेंच रिकामें राहतें. म्हणून चांगली स्क्रिप्ट आरंभींच आर्ग्युमेंटें मोजते, व तीं कमी भरल्यास वापरण्याची रीत सांगून तेथेंच थांबते.

चित्रांचा मार्ग वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. एकदांच करावयाच्या कामास तोच बरा. परंतु टिचक्यांची नोंद मागें राहत नाहीं. स्क्रिप्ट मात्र निबंधाप्रमाणें शिक्षकांस तपासतां येते, सोबत्यास देतां येते व पुढील वर्षीं सुधारतां येते. शिवाय आपण जें बोललों त्याचा अर्थ ऐकणारा नेमका काय घेईल, याचा विचार करण्याची जी संवय येथें लागते, ती पत्र लिहितांना व व्यवहार करितांनाही उपयोगी पडते. पालकांनीं या शिक्षणास आडकाठी करूं नये, ही विनंती.

विद्यार्थिमित्रहो, ज्या आज्ञेनें कांहीं पुसलें जाणार असेल, तिच्यापूर्वीं 'एको' हा शब्द लावून पाहा. शेल कांहींही न पुसतां, आर्ग्युमेंटांच्या जागीं त्यानें काय घेतलें तें लिहून दाखवील. तें शांतपणें वाचा. मगच 'एको' काढून खरी आज्ञा द्या.