बाई, उठू नका!

मंडळी, माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला त्याला काल पाच आठवडे झाले. तब्येत उत्तम आहे, टाके सुकले आहेत, वॉकर सुटून हातात काठी आली आहे. फोनवर चौकशी करणाऱ्या सर्वांचे आभार. पण या पाच आठवड्यांत एक वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी माझं डोकं तापतं. ते वाक्य म्हणजे, "आता मस्त आराम करा." म्हणून हा लेखनप्रपंच. नातेवाइकांनी रागावू नये. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, ते आधी थोडक्यात सांगते. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि त्याला धरणारी कटिभागातली वाटी असते. माझ्या या दोन्हींवरचं गुळगुळीत आवरण झिजून हाडावर हाड घासत होतं. झिजलेला माथा काढून मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात, त्यावर नवा गोळा, आणि वाटीच्या जागी नवी वाटी. जॉन चार्नली नावाच्या इंग्रज सर्जननी १९६२च्या सुमारास याचं आजचं रूप नक्की केलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००७मध्ये याच्यावरच्या लेखाला 'शतकातलं ऑपरेशन' अशा अर्थाचं शीर्षक दिलं होतं, आणि ते मला तरी अतिशयोक्त वाटत नाही. सहा वर्षं रात्री कुशीवर वळताना जी कळ यायची ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नव्हती. जखमेचं दुखणं होतं, पण ती जुनी कळ गेली ती गेलीच.

मात्र सर्जनचं काम तिथे संपतं. पुढचं काम स्नायूंचं. इतकी वर्षं लंगडून लंगडून माझ्या उजव्या मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू आधीच वाळले होते, त्यात ऑपरेशनमध्ये ते कापले, बाजूला ओढले, पुन्हा शिवले. नवा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलायला तयार असतो (निदान माझा होता), पण त्याला तोलून धरणारे स्नायू तयार नसतात. ते पलंगावर पडून तयार होत नाहीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला फिजिओथेरपिस्ट मुलीने उभं केलं, चार पावलं चालवलं. पाचव्या दिवशी घरी सोडलं. आणि घरी आल्याबरोबर सगळं उलटं सुरू झालं.

आमचे 'हे' स्वभावाने फार मायाळू. मी आपली आपण उठू नये म्हणून ते वॉकर उचलून भिंतीकडे नेऊन ठेवत! पाणी हवं? मी आणतो. चष्मा हवा? मी आणतो. पंखा कमी करायचाय? तू पड. तिसऱ्या दिवशी मला त्यांना बाई होऊन सांगावं लागलं, "अहो, वॉकर माझ्या हाताला लागेल असा ठेवायचा, पाणी माझ्यापासून लांब ठेवायचं." त्यांना वाईट वाटलं. वाटू दे. तांब्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला की पाण्याच्या निमित्ताने माझ्या दिवसातून आठ-दहा फेऱ्या होतात.

मग भेटायला येणारी मंडळी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हा धर्म आहे आणि तो मी मोडा म्हणत नाही. पण पाहुणे आले की मी उठायला लागायचे आणि पाचही जण एका सुरात, "बाई, उठू नका, उठू नका!" माझे जुने विद्यार्थी तर मला धरून बसवत. वर ज्याच्या-त्याच्याकडे एक सल्ला. कुणी म्हणे मऊ सोफ्यावर बसा, कुणी म्हणे रोज तेलाने पाय चोळून घ्या, कुणी म्हणे काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरा की, भलत्याच हातात काय धरलीय! तिन्ही चूक. सोफ्यात बसलं की माणूस खाली रुततं आणि गुडघे खुब्याच्या वर येतात. मला हवी सरळ पाठीची, हाताची, उंच लाकडी खुर्ची, आपल्या शाळेत वर्गात असायची तशी. चोळण्याबद्दल तर हात जोडून सांगते, ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते, तिच्यावर तेल लावून रगडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आणि काठी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. ऑपरेशनचा पाय टेकतो तेव्हा काठी समोरच्या बाजूने भार घेते आणि खुब्याच्या दमलेल्या स्नायूंचं काम हलकं होतं. एकदा दोन्ही हातांनी करून पाहा, मला पटवून द्यावं लागणार नाही.

हा आराम आपल्या डोक्यात इतका घट्ट का बसला, याचा मी पडल्या पडल्या (म्हणजे दुपारी, तेवढी झोप घेतेच) विचार केला. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी म्हातारी घसरून पडली, खुब्यात हाड मोडलं, की दोनच वाटा होत्या. एक, दवाखान्यात पायाला वजन लटकावून आठवडेच्या आठवडे खाटेवर. दुसरी, घरी खाटेवर. दोन्हीकडे खाट होतीच. हलायचं नाही हाच तेव्हाचा उपचार, कारण हाड पकडून ठेवायला दुसरं काही नव्हतं. पण त्या बायकांचं पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. पाठीला जखमा, छातीत कफ, मग न्यूमोनिया. 'अंथरुणाला खिळली' म्हणतो आपण. 'अंथरूण धरलं' म्हणतो, आणि ते म्हणताना आवाज खाली जातो, कारण ऐकणाऱ्याला कळतं की आता काही खरं नाही. म्हणजे अंथरूण काय करतं ते आपल्या भाषेला पक्कं माहीत आहे. तरी ऑपरेशन होऊन ठणठणीत घरी आलेल्या माणसाला आपण प्रेमाने सांगतो, अंथरूण धरा!

आता कुणी म्हणेल, "म्हणजे काय, पळायला लागू?" नाही. नियम कडक आहेत आणि ते मी एकही मोडत नाही. ज्यांना डॉक्टरांनी पायावर वजन टाकू नका असं सांगितलं असेल त्यांनी मुळीच टाकू नये. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर चालत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आणि व्यायामाच्या आधी दुखण्याची गोळी घ्यायची; सोसण्यात काही शौर्य नाही. माझं भांडण विश्रांतीशी नाहीच. दोन फेऱ्यांच्या मधली विश्रांती मला गोड लागते. भांडण आहे ते विश्रांतीलाच उपचार समजण्याशी.

आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. माझ्याआधी वर्षभर त्यांचं हेच ऑपरेशन झालं. दोन महिने त्यांनी खऱ्या अर्थाने आराम केला. बायको चहा, जेवण, वर्तमानपत्र सगळं पलंगावर आणून देई. फिजिओथेरपिस्ट चार दिवस आला, मग "दुखतं हो फार" म्हणून बंद केला. आज सांधा एक्स-रेत सुंदर दिसतो आणि गृहस्थ वॉकरशिवाय बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाहीत. बायकोची कंबर गेली ती वेगळीच.

बायकांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. बाईला आयुष्यात "तू आराम कर" असं घर कधी म्हणतं? बाळंतपणात, तेही मोजून. त्यानंतर पस्तीस वर्षं मी सकाळी डबे करून शाळेत गेले, उभ्याने सहा तास घेतले, संध्याकाळी येऊन कणीक भिजवली. गुडघा दुखला, खुबा दुखला, कुणी म्हटलं नाही बस जरा. आणि आता, जेव्हा चालणं हेच माझं औषध आहे, तेव्हा अख्खं गाव मला झोपवायला निघालंय! त्यातून माझ्यासारख्या बऱ्याच बायकांना हा आराम हवाहवासा वाटतो, कारण तो पहिल्यांदाच मिळतोय. मला त्यांचं मन कळतं. पण बायांनो, हा आराम चुकीच्या वेळी आलाय. खरा आराम आमच्या सुनेला हवा आहे. बँकेतून येऊन ती माझ्या पायात मोजे घालते, कारण मला वाकायला मनाई आहे. तिला कुणी विचारत नाही.

तरीही घरच्यांचा आणि पाहुण्यांचा दोष मी निम्माच मानते. उरलेला दवाखान्याचा. दवाखान्याचं नाव घेत नाही, ऑपरेशन त्यांनी फार छान केलं. पण घरी सोडताना माझ्या हातात जो कागद दिला तो अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. 'डू नॉट फ्लेक्स बियॉन्ड नाइन्टी डिग्रीज. अव्हॉइड अ‍ॅडक्शन अँड इंटर्नल रोटेशन.' मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, शब्दकोश काढून बसले. माझ्या शेजारच्या खाटेवर जतकडच्या एक आजी होत्या, त्यांनी तो कागद घडी करून औषधांच्या पिशवीत ठेवला, तो तिथून कधी बाहेर आला असेल असं मला वाटत नाही. आणि त्या संपूर्ण दिवसात शुद्ध मराठीत आम्हा दोघींना सांगितलेलं एकच वाक्य कोणतं? खिडकीवर बिल देणाऱ्या माणसाने हसून म्हटलेलं, "झालं आजी, आता घरी जाऊन आराम करा."

पुढचं सगळं यातून येतं. कामाचं जे काही होतं ते परक्या भाषेत, आणि कळलं ते एवढंच. मग घरच्यांनी तेच करायचं, दुसरं करणार काय? मराठीला २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, मीही खाल्ले. पण ती अभिजात भाषा पायाचा व्यायाम सांगायला चालत नाही असं सांगलीच्या दवाखान्याला वाटत असेल तर त्या दर्जाचं लोणचं घालायचं का?

अहो, अवघड काय आहे त्यात? नव्वद अंश म्हणजे काटकोन. काटकोन चौथीतल्या पोराला कळतो. बसल्यावर पोट आणि मांडी यांच्यात काटकोनापेक्षा लहान कोन होऊ द्यायचा नाही. म्हणून बुटका पाट नको, उकिडवं बसायचं नाही, भारतीय पद्धतीचं शौचकूप नको, कमोडवर उंच बैठक बसवून घ्यायची, आणि खाली पडलेलं काही वाकून उचलायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही, मांडी घालायची नाही, झोपताना दोन पायांत उशी. ऑपरेशनच्या पायाचा चवडा आत वळवायचा नाही; वळायचं असेल तर जागेवर गर्रकन न फिरता छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. पायपुसणी सगळी उचलून ठेवायची, बाथरूम कोरडी. पडल्या पडल्या दर तासाला पावलं वर-खाली करायची, म्हणजे पोटरीतलं रक्त साचत नाही. मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचा. कठडा धरून उभं राहून पाय बाजूला न्यायचा, कंबर न झुकवता. झालं की हो मराठीत! (सगळ्यांनाच हे सगळे नियम लागू असतात असं नाही, ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं त्यावर ते ठरतं. माझं मागच्या बाजूने होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि मराठीत विचारा.)

मी हे सगळं ठळक अक्षरात दोन पानांवर लिहून काढलं, शेजारी आकृत्या काढल्या. देवघर खाली होतं ते सुनेने टेबलावर घेतलं, त्याचीही आकृती काढली; समोरच्या वहिनींना ते शास्त्राला धरून वाटलं नाही, पण देवाची काही तक्रार आलेली नाही. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ती पानं झेरॉक्स करून नेली आणि आता तिच्या चार-पाच रुग्णांकडे ती भिंतीला चिकटवलेली आहेत म्हणे. दवाखान्यालाही एक प्रत पाठवली आहे. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की वरिष्ठांपुढे ठेवू. मी पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा विचारणार आहे, आणि त्याच्या पुढच्या तपासणीलाही.

भेटायला येणाऱ्यांसाठी: अवश्य या, पण संध्याकाळी पाचनंतर. आमच्या मजल्यावर आमच्या दारापासून जिन्यापर्यंत बेचाळीस पावलं आहेत. सध्या माझ्या सहा फेऱ्या होतात, पुढच्या आठवड्यात आठ करायच्या आहेत. गप्पा तिथेच चालता चालता होतील. चहा नंतर, आणि तो मी करणार आहे, ओट्याशी उभं राहून. पेढे-बर्फी आणू नका, ह्यांची साखर वाढते.