दवाखान्याचे संकेतस्थळ : मजकूर कोणाचा?

संकेतस्थळासाठी वेब डिझायनर नेमताना आपले अनेक डॉक्टरबंधू रंग आणि छायाचित्रे बारकाईने पाहतात. मजकूर मात्र त्याच्यावरच सोपवतात. मग 'सर्वोत्तम उपचार' आणि रुग्णांची प्रशस्तिपत्रे ओघानेच येतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणे निषिद्ध आहे, आणि ठपका येतो तो आपल्यावर. त्याच नियमांनी पत्ता बदलल्याची, तात्पुरत्या अनुपस्थितीची व शुल्काची सूचना देण्यास मुभा ठेवली आहे. किनवटहून रेल्वेने आदिलाबादला येणाऱ्या रुग्णाला नेमके तेच हवे असते, तेही मराठीत; उटनूरच्या रुग्णाला तेलुगूत. तेव्हा रजेची तारीख आपल्यालाच बदलता येईल, असे पान मागून घ्यावे. आणि डोमेनची नोंदणी डिझायनरच्या नव्हे, स्वतःच्या नावे करावी.