घानाची वीज, चाकणचा गुरुवार

शॉप फ्लोअर । शिफ्ट इन्चार्ज

३१ मार्चला ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळायचं ज्या कुणी ठरवलं, त्याने आपल्याकडच्या अकाउंट्स खात्यात एक दिवसही काढलेला नसणार. त्या दिवशी सर्व्हरला कुणी नुसता हात लावायला गेलं तरी अकाउंटंट अंगावर धावून येतो. पण विकणाऱ्यांना निमित्त लागतं. त्यामुळे या आठवड्यात भोसरी, तळवडे, निघोजे, जिथे म्हणाल तिथल्या मालकांच्या मेलमध्ये बॅकअप सॉफ्टवेअरवरची सवलत येऊन पडली आहे, आणि त्यातल्या काहींनी ‘जरा नजर टाका’ म्हणत कोटेशनं माझ्याकडे ढकलली आहेत.

एक महाळुंग्याच्या प्रेस शॉपमधून आलं. तिथल्या आयटीच्या पोराने जीव ओतून एक्सेलमध्ये तीन सॉफ्टवेअरची तुलना केली होती. डिडुप्लिकेशन? टिक. एन्क्रिप्शन? टिक. क्लाउड, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, रोजचा ईमेल रिपोर्ट, चोवीस तास सपोर्ट… टिक, टिक, टिक. खाली दर, त्याखाली घासाघीस झाल्यानंतरचा दर आणि ‘एल वन’ला, म्हणजे सगळ्यात स्वस्ताला, पिवळा रंग. एवढ्या लांबलचक तक्त्यात एक ओळ मात्र नव्हती. सर्व्हर बसला तर परत उभा राहायला किती तास? मी फोन करून विचारलं. मालक म्हणाले, “ते सगळ्यांचं सारखंच असणार ना, साहेब?”

नाही हो. बाकीचं सगळं सारखं असतं. फरक असतो तो तिथेच.

टिकमार्कचं हे व्यसन आपल्या पट्ट्याला आयएटीएफच्या ऑडिटने लावलं, हे माझं तुणतुणं जुन्या वाचकांना पाठ आहे. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही. पण बघा. आयएटीएफ १६९४९ मध्ये आणीबाणीच्या आराखड्याचं कलम आहे. त्यात सायबर हल्लाही धरा, आराखडा ठरावीक काळाने प्रत्यक्ष तपासून पाहा आणि वर्षातून किमान एकदा त्याचा आढावा घ्या, असं स्वच्छ म्हटलं आहे. आपण काय करतो? ऑडिटच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीचा कागद काढतो, तारीख बदलतो, ‘बॅकअप टेस्टेड – ओके’ तसंच ठेवतो आणि प्रिंट मारतो. ऑडिटरला फाइल दिसते, फाइलला टिक दिसते, सगळे जेवायला जातात.

आणि ही विद्या आपल्याला परकी आहे म्हणावं तर तसंही नाही. नेटबॅकअप बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं केंद्र वर्षानुवर्षं पुण्यात होतं. क्लाउड बॅकअपवाली ड्रुवा २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. जगभरच्या कंपन्यांचे बॅकअप ज्या कोडवर चालतात तो लिहिणारी मुलं बाणेर-औंधात राहतात, आणि इकडे चाकणात टॅलीचा बॅकअप अजून अकाउंटंट बाईंच्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवर घरी जातो. (हसू नका. त्या पेन ड्राइव्हबद्दल मी पुढे चांगलं बोलणार आहे.)

त्याआधी मर्स्क. २०१७ च्या जूनअखेरीला ज्यांचे कंटेनर न्हावाशेव्याच्या वाटेवर अडकले होते, त्यांना नाव ऐकूनच कपाळावर आठी येईल. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला. त्यांच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ ठप्प झाली आणि जेएनपीटीतलं जीटीआय त्यात होतं. कोणता डबा कुठल्या जहाजाचा हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर कागद-पेन्सिलीवर किती डबे हलणार?

आता नीट लक्ष द्या. मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं मुळीच नाही. जवळजवळ प्रत्येक सर्व्हरचा तीन ते सात दिवसांपूर्वीचा बॅकअप त्यांना सापडला. महाळुंग्याच्या तक्त्यात घातलं असतं तर सगळीकडे टिक पडली असती. नव्हता तो फक्त डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कुठला युजर खरा आणि कुणाला कुठे प्रवेश हे ठरवणाऱ्या सर्व्हरचा. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या ज्या कपाटात, त्याचीच किल्ली हरवावी तशी गत. डोमेन कंट्रोलर जगभर मिळून दीडशेच्या आसपास होते, आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत होते. एक गेला तर उरलेल्यांवरून उभा करू, असा हिशोब. सगळे एकदमच जातील हे कुणी धरलंच नव्हतं. ते एकदमच गेले.

वाचला एक, घानातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कच्या बाहेर होता. बस, एवढंच पुण्य. त्यातला डेटा इंग्लंडला पाठवायला तिथली लाइन इतकी हळू, की दिवसच्या दिवस लागले असते. माणसाबरोबर डिस्क पाठवावी, तर घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाच्या माणसाने नायजेरियाच्या विमानतळावर ती डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन लंडनजवळच्या मेडनहेडला गेला. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं. तोटा ३० कोटी डॉलरपर्यंतचा.

मर्स्कचे ते दीडशे डोमेन कंट्रोलर आणि तुमच्या रॅकमधला नॅस यांत तत्त्वाचा फरक काय, ते मला कुणीतरी सांगा. “आमच्याकडे नॅस आहे, सगळं सिंक होतं,” हे वाक्य मी या पट्ट्यात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता दुसरं काही ऐकलं तर दचकेन. सिंक होतं म्हणजे सर्व्हरवरची फाइल बिघडली की बिघडलेली फाइलही इमानेइतबारे नॅसवर जाते. शिवाय तो नॅस त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर, त्याच डोमेनमध्ये, त्याच अ‍ॅडमिन पासवर्डवर, आणि तो पासवर्ड कंपनीचं नाव अ‍ॅट एक-दोन-तीन. खंडणीखोर सर्व्हरवर येतो तो नॅसची वाट विचारतच. २०२२ च्या जानेवारीत ‘डेडबोल्ट’ने तर सर्व्हरला हातही न लावता इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅसच लॉक केले. बॅकअप सॉफ्टवेअरही यातून सुटत नाही. २०२४ मध्ये वीमच्या बॅकअप सर्व्हरमधली त्रुटी ‘अकिरा’ या खंडणीखोर टोळीने वापरली. दुरुस्ती आधीच आली होती, पण ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले.

म्हणून त्या पेन ड्राइव्हबद्दल चांगलं बोलायचं. पर्समध्ये असेपर्यंत ती घानाच्या सर्व्हरच्या जातीची आहे, नेटवर्कवरून तिच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. तिच्यावर टॅलीशिवाय काही नाही, ती कधी बंद पडेल याचा नेम नाही, हे मान्य. पण लाखभराच्या कोटेशनला पहिला प्रश्न हाच विचारायचा: या पर्सचं काम तुमच्यात कोण करतं? ठरावीक दिवस कुणालाच, अगदी अ‍ॅडमिनलाही, पुसता येणार नाही अशी प्रत ठेवता का? बॅकअप सर्व्हर डोमेनच्या बाहेर ठेवू देता का? यावर सेल्सवाला “सर, आमच्यात एआय आहे” म्हणाला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

क्लाउडचंही तेच. वर पाठवताना रोज थोडं थोडं जातं, म्हणून कुणाला जाणवत नाही. खाली मात्र सगळं एकदम आणायचं असतं. दोन टीबी डेटा शंभर एमबीपीएसच्या लाइनवरून आणायला सुमारे ४५ तास लागतात, आणि तेही लाइन पूर्ण वेळ पूर्ण वेगाने मिळाली तर. हे गणित कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. ‘चार तासांत इंजिनिअर दारात’ मात्र असतं. संध्याकाळी सहाला तळेगाव चौकातून तो कसा येणार, हेही एकदा लिहून घ्या.

रोजच्या ईमेल रिपोर्टला ज्यांनी ठळक टिक दिली, त्यांच्यासाठी गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी. जानेवारी २०१७ च्या शेवटच्या दिवशी तिथल्या इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप काढायला गेले तर तो होतच नव्हता, आणि तो फसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, अशी समजूत तिथेही होती. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवर निभावलं.

घरचं उदाहरण हवं असेल तर निगडी आहेच. २६ फेब्रुवारी २०२१ ला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर खंडणीचा हल्ला झाला. काम टेक महिंद्राकडे होतं, २७ सर्व्हर बाधित झाले आणि निगडी पोलिसांत तक्रार गेली. पाच कोटींच्या नुकसानीचा आकडा पेपरात आला आणि तो सगळ्यांच्या डोक्यात बसला. चहाच्या टपरीपासून पालिकेपर्यंत पाच कोटींवर वाद झडले. सर्व्हर किती तासांत परत उभे राहिले, हे तेव्हा माझ्या आसपास कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. हा प्रश्नच आपल्या जिभेवर येत नाही.

तो आता गिऱ्हाईकाच्या जिभेवर येऊ लागला आहे, हे लक्षात घ्या. १ मार्च २०२२ ला टोयोटाने जपानमधले सगळे १४ कारखाने एक दिवस बंद ठेवले, कारण कोजिमा या एका पुरवठादाराच्या सिस्टिममध्ये कुणी घुसलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं झालं. हल्ला जॅग्वार लँड रोव्हरवर, उत्पादन आठवडेच्या आठवडे बंद, आणि माल तयार ठेवून बसलेले पुरवठादार हातावर हात ठेवून. तिच्या मालक कंपनीचा कारखाना आपल्या पिंपरीत, म्हणून तेव्हा इथेही बरीच कुजबुज झाली. नंतर सगळे परत डिस्पॅचला लागले.

आता गुरुवारकडे येतो. घानात वीज गेली म्हणून मर्स्क वाचली. आपल्याकडे दर गुरुवारी महावितरण ती कृपा फुकटात करतं, आणि त्यात आपलं बुडतं. कसं, ते व्हीएमसीसमोर उभं राहून बघा. फानुकच्या स्क्रीनवर खाली ‘बॅट’ अशी अक्षरं लुकलुकत असतात. ऑपरेटर ती बघून बघून सरावलेला असतो, मशीन चालू आहे मग काय बिघडलं? मशीनचे पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्राम ज्या मेमरीत असतात ती मशीन बंद असताना बॅटरीवर तगते. चालू असेपर्यंत काही कळत नाही. गुरुवारी शटडाऊन, बॅटरी मेलेली, शुक्रवारी पहिल्या शिफ्टला मशीन चालू केलं की स्क्रीनवर अलार्मची रांग. पॅरामीटर कोरे. सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत मशीन उभं, आणि त्याचा पहिला प्रश्न: “बॅकअप कार्ड कुठाय?” ते कार्ड मशीन बसवलं त्या दिवशी पॅनेलच्या दारामागे पाकिटात चिकटवलेलं असतं. पाकीट सापडतं, कार्ड सापडत नाही.

तीन सॉफ्टवेअरच्या त्या तक्त्यात व्हीएमसीची ओळच नव्हती. आयटीच्या पोराचा दोष नाही, त्याला शॉपवर कुणी बोलावतच नाही. पण शुक्रवारी सकाळी डिस्पॅच कशाने अडतं, ईआरपीने की व्हीएमसीने, हे ज्याला माहीत नाही त्याने बॅकअपचं काहीही विकत घेऊ नये. बॅटरी काही शे रुपयांची असते आणि ती मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. हे कोटेशनशिवाय आजही करता येतं.

सॉफ्टवेअर निवडायचंच असेल तर गुरुवारचाच उपयोग करा. शॉप बंद असतं, फोन कमी वाजतात. ऑफिसपुरता जनरेटर लावा आणि तिन्ही विक्रेत्यांना वेगवेगळ्या गुरुवारी बोलवा. समोर एक जुना, रिकामा, वेगळ्याच कंपनीचा पीसी ठेवा. सांगा की आमचा सर्व्हर जळाला असं समजा, कालच्या बॅकअपवरून या डब्यावर उभा करा. कीबोर्डवर तुमचा माणूस बसेल, त्यांच्या इंजिनिअरने फक्त बोलायचं, कारण रात्री दोन वाजता तुमचाच माणूस असणार आहे. लायसन्सचा डोंगल, एसक्यूएलचा पासवर्ड, आयपी पत्ते, काय काय कुणाच्या डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं, ते पहिल्या तासातच बाहेर येईल. बुधवारी संध्याकाळचं शेवटचं इनव्हॉइस स्क्रीनवर उघडलं की घड्याळ थांबवा, आणि तो आकडा तक्त्यात सगळ्यात वर लिहा. दर त्याच्या खाली.

ज्याचा आकडा तुमच्या धंद्याला झेपतो त्याला ऑर्डर द्या, तो एल टू असला तरी. आणि “आधी पीओ द्या साहेब, मग करून दाखवतो” असं जो म्हणेल, त्याला पीओ देऊ नका.