पडलेल्याला उठवू नका

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं ध्वजारोहण होतं, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात हवा बहुतेकदा दमट असते आणि ऊन बोचतं. शाळांच्या मैदानांवर भाषणं लांबतात आणि रांगेतली एखादी मुलगी पांढरीफटक होऊन कोसळते. लगेच दोघी-तिघी काखेत हात घालून तिला उचलतात, खुर्चीत बसवतात, तोंडावर पाणी मारतात. कुणी कांदा फोडून आणतं. पाठोपाठ शेरे येतात: ‘आजकालची पोरं नाजूकच’, ‘नाटक करत असेल.’ त्या हातांमागे माया असते, हे खरं. तरीही यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे आणि ती खुर्ची तर घातक आहे.

माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात, आणि ‘सावधान’मध्ये नेमकी त्यांनाच हलायची बंदी असते. उकाड्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या, घामाने पाणी गेलेलं, पोट रिकामं. अशा वेळी शरीराची सावरणारी यंत्रणाच उलटी फिरते. वॅगस मज्जातंतू हृदयाचे ठोके मंद करतो, रक्तवाहिन्या आणखी पसरतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं. ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३२ साली या भोवळीला ‘व्हॅसोव्हेगल’ म्हटलं. सुई टोचताना, रक्त पाहून किंवा असह्य दुखण्याने येणारी भोवळही याच जातीची.

म्हणजे मुलगी आडवी पडली, तेव्हा उपचार सुरू झाला होता. डोकं हृदयाच्या पातळीला आलं, रक्त मेंदूकडे वळलं. आपण तिला उभी केली किंवा बसवली की तो उपचार मोडतो. बेशुद्धी लांबते, हातापायांना झटकेही येऊ शकतात. आडवं पडलेलं माणूस बहुधा अर्ध्या-एक मिनिटात आपोआप शुद्धीवर येतं, आणि श्रेय मात्र कांद्याला मिळतं.

नाजूकपणाचा आक्षेप तर अजिबात टिकत नाही. जून २०२३मध्ये लंडनला संचलनाच्या सरावात, ३० अंशांच्या आसपासच्या उन्हात, राजघराण्याच्या पथकातले कसलेले सैनिक युवराजांसमोर कोसळले. नाटकाचं म्हणाल, तर चेहऱ्याचा पांढरेपणा, गार घाम आणि मंदावलेली नाडी यांचं सोंग आणता येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान ‘फिट आली’ या निदानाने होतं. मग जोडा हुंगवतात, दातांत चमचा घालतात, आणि मुलीच्या लग्नापर्यंत तो शिक्का पुसला जात नाही. १९९४ साली जर्मन डॉक्टरांनी निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून चित्रण केलं. पूर्ण शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी ९० टक्क्यांना झटके आले होते. तेव्हा नुसते झटके हा फिटचा पुरावा नव्हे. भोवळीतून उठलेला माणूस लगेच माणसं ओळखतो. मोठ्या फिटनंतर बराच वेळ गोंधळ राहतो. तोंडात काही घालणं दोन्हींत चूकच.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या रांगेत उपाशीपोटी उभ्या असलेल्या बाईला घेरी आली, तरी कृती तीच. श्रद्धेशी माझं भांडण नाही. आधी तिला सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा. दहा-पंधरा मिनिटांनी आधी बसवा, मग उठवा.

भोवळ बहुधा सांगून येते: जांभया, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, दूर गेल्यासारखे आवाज. तेव्हाच खाली बसावं, आडवं व्हावं. ते जमत नसेल तर पायाला पायाची तिढी घालून मांड्या आवळाव्यात, हाताच्या मुठी घट्ट कराव्यात. २००६च्या एका अभ्यासात या साध्या युक्त्यांनी पुन्हा भोवळ येणाऱ्यांचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ३२वर आलं. रक्तदानापूर्वी अर्धा लिटर पाणी प्यावं. मीठ वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आणि मुख्याध्यापकांनी भाषणांच्या वेळी मुलांना खाली बसवावं. त्याने ध्वजाचा मान कणभरही कमी होत नाही.

मात्र प्रत्येक पडणं ‘साधी भोवळ’ म्हणून सोडून देणंही मी मान्य करणार नाही. धावताना किंवा झोपलेल्या स्थितीत शुद्ध हरपली, आधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी हृदय तपासा. मे महिन्यात अंग तापलेलं आणि माणूस बरळतो आहे, तर तो उष्माघात. तिथेच गार पाण्याने अंग भिजवत, वारा घालत घाटी रुग्णालयात न्या. भोवळीनंतर अनेकांच्या डोक्याचा सीटी स्कॅन होतो आणि ईसीजी राहून जातो. पहिली भोवळ आली की ईसीजी काढून मागा.